सौमित्र गिटार निवडतो

“पण सर, यातली कुठली घेऊ, एवढं तरी सांगा ना.”

सौमित्र चुरीने हे विचारलं तेव्हा इनाससर दुकानातल्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता. तरी बघत होते.

“सर?”

“ऐकतोय.”

ऐकत असतील, पण उत्तर काही देत नव्हते. सरांची ही खोड सौमित्रला इतक्या वर्षांत पाठ झाली होती, तरी आज ती अगदी अंगावर येत होती.

इनास तुस्कानो म्हणजे वसईच्या बाजूला लग्नात, सणाला, नाताळच्या नाचात गिटार वाजवून म्हातारा झालेला माणूस. ज्यांच्या लग्नात वाजवलं, त्यांच्या पोरांच्या लग्नातही त्यांनीच वाजवलं. यंदा बोटं वळेनाशी झाली तेव्हा त्यांनी बँडवाल्यांना सांगून टाकलं की आता मी समोर खुर्चीत बसून ऐकणार. तुमच्या जागी कोण, असं बँडवाल्यांनी विचारलं. सर म्हणाले, बघू.

हे ‘बघू’ म्हणजे आपणच, असं सौमित्रने धरून टाकलं. धरायला हरकतही नव्हती. सरांच्या शिष्यांत त्याच्याइतका हात कुणाचा चालत नव्हता, आणि ही गोष्ट त्याला जरा जास्तच माहीत होती.

त्याने लगोलग जुनी गिटार विकून टाकली. नाताळच्या स्टेजवर शिकाऊ गिटार घेऊन उभं राहायचं म्हणजे शोभाच की. फार महाग परवडणार नव्हती आणि फार स्वस्त हातात धरवणार नव्हती. तेव्हा मधल्या किमतीची, पण अशी, की नाचणाऱ्याने पाय थांबवून बघावं. इथवर ठीक होतं. मग गडी निवडायला बसला तो बसूनच राहिला.

पाऊस सरला, दिवाळी झाली. कुठल्या लाकडाचा आवाज कसा, मान जाड बरी की बारीक, कुठला पिकअप कशाला चांगला, सगळं तोंडपाठ झालं. पिकअप म्हणजे तारांखालची ती चुंबकाची पट्टी, जिच्यामुळे विजेच्या गिटारीचा आवाज अँपपर्यंत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीपर्यंत पोहोचतो. त्या पट्टीवर सौमित्र तासभर बोलू शकत असे, आणि बोलतही असे. एकाचा व्हिडिओ बघून एक गिटार पसंत करायची, दुसऱ्याचा बघून तीच मोडीत काढायची. वाजवायला घरात गिटार नव्हतीच. पण इतका अभ्यास चालू असताना वाजवायचं राहून गेलंय, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

आणि आता नाताळच्या नाचाची तालीम उद्यावर आली होती. बँडवाल्यांनी निर्मळ गावच्या एका मुलाचं नाव काढलंय, असं त्याच्या कानावर आलं होतं. आज गिटार घेऊन घरी गेलो नाही तर सरांची जागा त्या मुलाची, हे स्पष्ट होतं. म्हणून तर सरांना आग्रह करकरून तो दुकानात घेऊन आला.

दुकान केतनभाईंचं. त्यांनी तीन गिटारी काढून स्टँडवर लावल्या होत्या. एक काळीभोर आणि वजनदार, जाड आवाजाची. दुसरी निळी, हलकी, खाली सूर हलवायची दांडी असलेली. तिसरी मातकट रंगाची, आतून थोडी पोकळ, वर एक उभी चीर. ती सौमित्रने मागितली नव्हती. केतनभाईंनी आपणहून काढली, तेव्हा त्याने नाक मुरडलं होतं.

सर शेवटी म्हणाले, “वाजव.”

सौमित्रने वाजवलं. दुकानात वाजवायचा म्हणून प्रत्येक गिटारवाल्याकडे एक तुकडा असतो. तो घरी कुणी वाजवत नाही, स्टेजवर तर नाहीच. वरून खाली धबाधब सूर ओतायचे आणि शेवटी एक तार ओढून धरायची, की गिऱ्हाइकं वळून बघतात. सौमित्रने काळीवर तो तुकडा ओतला, निळीवर ओतला, मातकटवर उरकला. एक बाई मुलासाठी बासरी बघत होत्या. त्या खरंच वळल्या.

“सांगा सर, आता कुठली?”

“तिन्ही सारख्याच वाजल्या.”

सौमित्रचा चेहरा पडला. मग राग आला, आणि रागात माणसाला सगळं आठवतं. काळीत भरीवपणा आहे पण खांदा धरतो म्हणतात, निळी चमकदार आहे पण नाचाच्या गोंगाटात बारीक पडते म्हणे, आणि मातकट तर जुन्या लोकांची, असं एक जण ठामपणे सांगत होता. हे सगळं त्याने सरांना एका दमात ऐकवलं. सारख्या कशा असतील, असंही वर विचारलं.

सरांनी त्याचा डावा हात हातात घेतला. तारा दाबून दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. एकेका बोटाचं टोक सरांनी अंगठ्याने दाबून पाहिलं.

“मऊ झालीत.”

...

सौमित्रने हात मागे घेतला. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून त्याने पुन्हा तेच विचारलं. सर, वेळ नाही हो, उद्या तालीम आहे, तुम्ही म्हणाल ती डोळे मिटून घेतो.

सर उठले. अँपचं बटण बंद केलं. मग काळी गिटार मांडीवर घेतली आणि तिच्या सगळ्या खुंट्या सैल सोडल्या. तारा लोंबायला लागल्या. निळीच्या सोडल्या. मातकटच्या सोडल्या. केतनभाई काउंटरवरून अर्धे उठले, सरांकडे बघितलं आणि परत बसले. त्या भागातल्या वाद्यांच्या दुकानात इनाससरांना कोण काय बोलणार?

“लाव आता,” सर म्हणाले.

सौमित्रने खिशातून ट्यूनर काढला. सुरात लावायचं ते चिमटीएवढं यंत्र हल्ली सगळ्यांच्याच खिशात असतं. सरांनी हात पुढे केला, यंत्र घेतलं आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकलं.

“कानाने.”

“अँप तरी लावू द्या सर. नुसत्या तारेचं काय ऐकू येणार?”

सर परत पंख्याकडे बघायला लागले.

काय करणार? सौमित्रने काळी घेतली. जाड तार दाबून धरायची, शेजारची मोकळी छेडायची. दोघींचे सूर जुळत नसतील तर आवाज थरथरतो. जुळत आले की थरथर मंदावते, आणि जुळले की थांबते. सरांनीच शिकवलेलं. यंत्र आल्यापासून त्याने केलं नव्हतं, त्यामुळे वेळ लागला. झाल्यावर सवयीने बोटं त्या तुकड्यावर गेली.

सरांनी हात वर केला. “पुढची.”

निळीही तशीच लागली. हिची मान बारीक होती, बोटं घसरत होती, पण ते बोलायची आता सोय नव्हती. लावून झाली.

“पुढची.”

मातकट गिटार सौमित्रने वैतागूनच उचलली. मनात निर्मळचा तो मुलगा. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं आणि अजून काहीच ठरत नव्हतं. म्हाताऱ्याला द्यायची नसेल जागा, तर तसं सरळ सांगावं. इतका छळ कशाला मांडलाय?

जाड तार चढवली. दुसरी तिला जुळवली. थरथर थांबली तेव्हा आवाज त्याच्या बरगडीला लागला. गिटारीचं पोकळ पोट छातीशी होतं, त्यामुळे असेल. खात्री करायला म्हणून त्याने दोन्ही तारा मिळून एकदा हळू छेडल्या. बऱ्या लागल्या होत्या. परत छेडल्या.

तिसरी लावली. तीन तारांत एक लहानसं वळण बसत होतं, ते बसवून बघितलं. चौथी लावली, तेव्हा ते वळण थोडं लांबलं. पाचवी लागता लागता त्याच्या बोटांनी एक संथ चाल धरली. कुणाची होती कोण जाणे. कुणी शिकवलेली नव्हती, कुठे ऐकलेलीही आठवत नव्हती. बोटांची मऊ टोकं चरचरत होती. चरचरू देत, असं त्याला वाटलं, आणि पुढे काहीच वाटेनासं झालं.

बासरीवाल्या बाई बासरी घेऊन गेल्या. केतनभाईंनी चहा आणून ठेवला. सरांनी आपला प्यायला.

सौमित्र वाजवत होता. मध्येच एक सूर चुकला. त्याने कपाळाला आठी घातली नाही. तो सूर परत घेतला आणि पुढे गेला.

...

बऱ्याच वेळाने तो थांबला, तो चाल संपली म्हणून. वर बघतो तर सर जागेवर नव्हते. दुकानाच्या दाराशी उभे राहून चपला घालत होते.

सौमित्र एकदम भानावर आला. त्याने गिटारीकडे पाहिलं. शेवटची बारीक तार अजून सैलच लोंबत होती. तिच्याशिवायच तो इतका वेळ वाजवत बसला होता. लावायला सांगितलेलं कामही आपल्याला धड जमलं नाही, सरांनी पाहिलं आणि निघाले, असं त्याला वाटलं. गेली जागा. त्याचे डोळे भरून आले.

“सर, थांबा ना. एक तार लावायची राहिली. तेवढी लावतो, मग तुम्ही सांगाल तसं.”

सरांनी पायरी उतरून छत्रीचा आधार घेतला. मागे वळले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता.

“ती उद्या तालमीला आलास की लाव,” ते म्हणाले.