बंबाच्या डोक्यावरचा लाल दिवा

फार मागची गोष्ट आहे, गाड्या आणि जनावरं एकमेकांशी बोलायची तेव्हाची. एका नगरपालिकेचा नियम होता, लाल दिवा फक्त आगीच्या बंबाच्या डोक्यावर. तो दिसला की रवंथ करणारा बैलसुद्धा उठून वाट द्यायचा.

पुढे अध्यक्षांची मोटार रुसून बसली. "मलाही सत्काराला जायची घाई असते बाई!" झालं, नियम बदलला. मग पाण्याच्या टँकरनं दिवा मागितला, कचरागाडीनं मागितला आणि सगळ्यांनाच मिळाला.

एका दुपारी टेकाडावरच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. आत मांजरीची चार पिल्लं अडकली होती. बंब धावत सुटला, पण बाजारात बैल वाटेतच बसलेला.

"बैलदादा, सरका हो, आग लागलीय!" दिवा कळवळून म्हणाला.

"रोज दहा लाल दिवे मला सरक म्हणतात," बैल जागचा हलला नाही. "आज कुणाचा सत्कार?"

बंब पोचला तेव्हा गंजीची राख झाली होती. मांजर तिथंच बसली होती.

"लांबूनच दिसलास की रे मला," ती दिव्याला म्हणाली. "पिल्लांना ओरडून सांगत होते, रडू नका, आला बघा, आला."