आरनटारची बिनमुठीची पाती

आमच्या आरनटारला खुकुरी घ्यायला आलेला माणूस लोहाराच्या दारात थबकतोच. भिंतीवर पाती ओळीनं टांगलेली दिसतात, पोटाशी रुंद, पुढे वाकलेली. पण एकाही पात्याला मूठ नसते. तुम्हीही आत्ता तसेच थबकलात. रानात तंबू ठोकून राहायचं, लाकूड फोडायचं, झुडपातून वाट काढायची, म्हणून चांगली खुकुरी हवी, आणि इथे तर सगळी अर्धीच! बसा. माझ्या आजोबांनी मला सांगितलं, ते तुम्हाला सांगतो.

या नदीवर लोखंडी पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. गावात सुनमाया नावाची बाई होती. तिचा नवरा मानबीर गुराख्यांबरोबर म्हशी घेऊन वरच्या कुरणावर जायचा. गावातल्या कुऱ्हाडीही त्यांच्याबरोबर जात. मागे सुनमाया एकटी घर सांभाळायची.

पावसाळा निम्मा सरला होता. गुराखी खाली परतायच्या बेतात होते, आणि सुनमाया हरकबीर लोहाराकडे खुकुरी घ्यायला आली. त्यानं दोन पुढे ठेवल्या. एक मुखियाच्या मुलाच्या लग्नासाठी घडवलेली, चांदीच्या मुठीची, हलकी. दुसरी काळपट, पाठीला चांगली जाड.

"बहिनी, चांदीची उचलून तर बघ," हरकबीर हसून म्हणाला.

"दाइ," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली, "ती कमरेला शोभेल. मला लाकूड तोडायचंय."

तिनं काळी खुकुरी उचलली. मूठ हलवून पाहिली. पात्याचं शेपूट लाकडी मुठीतून आरपार जाऊन टोकाला ठोकून बसवलं होतं. हवेत फिरवली तेव्हा वजन पुढे ओढ घेत होतं. तिनं तीच घेतली.

ती दाराबाहेर पडते न पडते तोच नदीकडून आरडाओरडा ऐकू आला. वर डोंगरात ढगफुटी झाली होती. गुराखी जुन्या लाकडी पुलावर असतानाच लोंढा आला. पुलाचा मधला टेकू एका खडकावर होता. माणसं कशीबशी त्या खडकावर चढली आणि दोन्ही बाजूंचा पूल वाहून गेला. खडकावर गुराख्यांबरोबर गेलेल्या बायका होत्या, पोरं होती, मानबीर होता. पाणी चढत होतं.

काठावर एकच झाड खडकापर्यंत पोचेल एवढं उंच होतं, नदीकडे कललेलं जुनं उत्तिस. पण त्यात वनदेवी राहते, अशी गावाची श्रद्धा. त्याची वाळकी काडीही कुणी उचलत नसे. सगळे झाडाकडे बघत होते आणि एकमेकांची नजर चुकवत होते.

सुनमायानं पदर खोचला. खोडाला कपाळ टेकवलं.

"आई, तुझं घर मोडतेय. माझी माणसं अलीकडे येऊ दे. मग हा हात तुझा."

पहिला घाव बसला तेव्हा म्हातारी माणसं मागे सरली. कुणीतरी ओरडलं, "अगं, गावावर कोप होईल!"

"झाला तर माझ्यावर होऊ दे," ती म्हणाली आणि थांबली नाही. तिच्या तळव्यातून रक्त येऊन मूठ ओली झाली, तरी खुकुरी निसटली नाही. पाणी एका पोराच्या छातीपाशी आलं आणि तिथेच थबकलं, असं सांगतात. नदी गरजत होती, लाकडं वाहून नेत होती, पण खडकाशी पाणी बोटभरही चढेना म्हणे. जणू तीही बघत होती.

झाड पडलं, ते नेमकं खडकावर. एकेक करून सगळे खोडावरून रांगत आले. शेवटी मानबीर आला. त्याचा पाय काठाला लागला आणि मागे तो खडक पाण्याखाली गेला.

सुनमाया बुंध्यापाशी उभी होती. मानबीरनं तिच्या हातातली खुकुरी घ्यायला हात पुढे केला. तिची मूठ उघडेना. तेल लावलं, शेक दिला, वैद्य झाला. बोटं सुटली नाहीत. शेवटी हरकबीर आला. त्यानं टोकाचा ठोकलेला भाग कानशीनं घासला आणि पातं तेवढं ओढून काढलं. ते काम करताना तो रडत होता, असं सांगतात. पातं बुंध्यात रोवलं. लाकडी मूठ तिच्या मुठीतच राहिली.

ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. एका हातानं सगळं करायची. मानबीरनं एकदा विचारलं, "दुखतं का गं?"

"दुखत नाही. पण कधी कधी वाटतं, या हातानं तुझ्या तोंडावरून हात फिरवावा."

मानबीरनं तो मिटलेला हात उचलून आपल्या गालाला लावला. ती गेली तेव्हाही मूठ मिटलेलीच होती. तसंच तिला अग्नी दिला.

त्या दिवसानंतर हरकबीरनं गिऱ्हाइकाचा हात पाहिल्याशिवाय पात्याला मूठ बसवली नाही. आजही आरनटारमध्ये तसंच चालतं. तुम्ही पातं निवडायचं. कामाला जाड, वाटेला हलकं, तुमचं तुम्ही ठरवा. मग लोहार तुमच्या हातात ओल्या मातीचा गोळा देतो आणि म्हणतो, "आवळा." त्या ठशावरून मूठ घडते. आवळून झालं की तो म्हणतो, "आता उघडा."

तेवढा वेळ भाता थांबतो. घण थांबतो. बाहेर खेळणारी पोरंही दारात येऊन उभी राहतात. तुमची बोटं सुटेपर्यंत आमच्यातलं कुणी श्वास सोडत नाही.