टाकीतल्या अक्षता

हिरडेगडच्या महाराजांची शर्यतीची लाल मोटार कोरजाई घाटाच्या तिसऱ्या वळणावर पुन्हा आचके देऊन थांबली, आणि शेजारच्या संस्थानाशी याच घाटात चढाची शर्यत तर परवावर आली होती.

लाज महाराजांची होती; पोटावर पाय यायचा होता तो मोटारखान्याच्या दौलू मिस्त्रीच्या. पेट्रोल ओढणारा जुना पंप काढून दुप्पट जोराचा नवा बसवावा, हा सल्ला त्याचाच. जुन्या पंपावर गाडी रडतखडत का होईना, माथा गाठत असे. नवा लागल्यापासून ती तिसरे वळण ओलांडीना. दौलू मूळचा उसाच्या गुऱ्हाळावरचा; चरक दुरुस्त करता करता मोटारीपर्यंत पोहोचलेला. आपल्या विद्येविषयी त्याचा मुळीच गैरसमज नव्हता. रस कमी पडला की चरक मोठा बसवावा, एवढे एकच शास्त्र आपल्याला येते आणि तेच आपण सरकारांच्या मोटारीला लावले, असे तो विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकी.

त्याने पंप उघडला. तोंडाशी असलेली बारीक जाळी पिवळ्या गाळाने बुजली होती आणि गाळात चक्क तांदळाचे दाणे होते. मग त्याने टाकीच्या तळाशी काठी फिरवून पाहिली. पाणी, गंज, हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि ओंजळभर अक्षता!

हे सारे आत कसे गेले, हे कोणाला सांगावे लागत नव्हते. दसऱ्याला शस्त्रांबरोबर वाहनांचीही पूजा होते. चाकांना हळदकुंकू लावतात, पुढे नारळ फोडतात. महाराजांना तेवढे पुरेसे वाटत नसे. चाके म्हणजे नुसते पाय, खरा जीव पोटात, असा त्यांचा विचार. म्हणून गेली सात वर्षे ते मंत्रपूर्वक देवतेचे आवाहन करून टाकीचे तोंड उघडत आणि स्वहस्ते तीर्थ, अक्षता, फुले आत सोडत. राजपुरोहित त्या वेळी डोळे मिटून घेत. दौलू मिटत नसे. फुले बाहेर सांडू नयेत म्हणून तो टाकीच्या तोंडाशी भक्तिभावाने दोन्ही हात धरून उभा राही.

दरबारात जाऊन त्याने टाकी धुण्याची परवानगी मागितली. मागताना, आत कचरा साचला आहे, असे तो बोलून गेला.

“कचरा?” महाराजांनी विचारले. “आमच्या हातचं पूजाद्रव्य तुला कचरा वाटतं?”

दौलूने जीभ चावली, कान धरले. पण महाराज हट्टाला पेटले होते. त्यांनी हुकूम दिला की, उद्या सूर्यास्तापूर्वी टाकी आतून लखलखीत झाली पाहिजे. मात्र आम्ही देवाला वाहिलेला एक दाणाही कचरा म्हणून बाहेर पडता कामा नये. पडला, तर मिस्त्रीने बायकापोरांसह संस्थानाची हद्द सोडावी. टाकी साफ झाली नाही, तरीही सोडावी.

बाहेर आल्यावर दिवाणांनी कळवळून विचारले, की ही दोन्ही एकदम साधणार कशी?

“साधंल की, साहेब,” दौलू म्हणाला. “काही भायेर न टाकता आतनं लखलखीत रिकामं कसं ऱ्हावं, ते माझ्या डोक्याला चांगलं ठाऊक हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज मोटारखान्यात आले, तो दौलू गाडीपुढे हात जोडून बसलेला. हत्यारांची पेटी बंद. महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“माझी काय टाप, सरकार, देवाला पान्हा लावायची?” असे म्हणून दौलूने राजपुरोहितांना एक शंका विचारण्याची परवानगी घेतली. बसवलेला देव जागचा कधी हलवतात?

पुरोहित म्हणाले, उत्तरपूजा करून निरोप दिल्यावर. त्याआधी हलवणे हा अपराध. एकदा गणपती आधीच उचलू लागल्याबद्दल साऱ्या आळीसमोर बायकोच्या शिव्या खाल्ल्याने दौलूला हे शास्त्र पक्के माहीत होते. तरी त्याने नवल वाटल्यासारखी मान हलवली. आणि वाहिलेल्या फुलांचे, अक्षतांचे? ते निर्माल्य, पुरोहित म्हणाले. ते कचऱ्यात टाकत नाहीत, नदीत विसर्जन करतात.

“सरकार,” दौलूने हळूच विचारले, “आपल्या टाकीची उत्तरपूजा कोणत्या साली झाली?”

महाराजांनी आठवून पाहिले. दर दसऱ्याला आरती संपते न संपते तोच ते गाडीत बसून सीमोल्लंघनाला भरधाव निघत. पुरोहितांच्या हातातली घंटासुद्धा अजून थांबलेली नसे.

“राहिली खरी,” ते पुटपुटले.

“मग गाडीचा काय दोष? आत देव बसल्यात. ती जागची हलंल कशी?”

पण हट्ट इतक्यात सुटणारा नव्हता. “मग जुन्या पंपावर कशी हलत होती?”

“त्यो पंप गरीब होता, सरकार. वरवरचं पेट्रोल चोखायचा, तळाला धक्का लावत नव्हता. पुढं ह्यो शहाणा दौलू आला. तुम्ही सात वर्सं देव बसिवला, आन् मी उत्तरपूजेआधीच त्याला करंगळीएवढ्या नळीतनं ओढून काढायला दुप्पट जोराचा पंप जोडला! हाकलायचं तर त्या पापासाठी हाकला. कचऱ्यासाठी नको.”

महाराजांनी हसू आवरण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि ते गाडीच्या मडगार्डवर हात टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले. तिथल्या तिथे उत्तरपूजा झाली. टाकी उतरवली गेली. आतले निर्माल्य तांब्याच्या घंगाळात घेऊन, सनईच्या साथीने, स्वतः महाराज नदीवर गेले. एक दाणा कचऱ्यात पडला नाही. इकडे दौलूने टाकीत नदीतले गोटे आणि थोडे पेट्रोल घालून ती तीनदा खळखळून घुसळली, ओतली, उन्हात वाळवली. सूर्यास्ताला महाराजांनी आत वाकून पाहिले, तर त्यांना आपल्या मिशा दिसल्या.

शर्यतीच्या दिवशी नव्या पंपावर लाल मोटार तिसरे वळण ओलांडून थेट माथ्यावर गेली. पाहुण्यांची गाडी वर पोहोचेपर्यंत महाराजांचा चहाही पिऊन झाला होता. त्यांनी खांद्यावरचा शेला काढून दौलूच्या तेलकट खांद्यावर घातला आणि मोटारखान्याशेजारचे घर त्याला वंशपरंपरेने राहायला दिले.