दोन बिऱ्हाडांची एक खिडकी

एका थंड हवेच्या गावात एका गोऱ्या साहेबाची जुनी कोठी होती. दारात चार उंच खांब, डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे, आणि मधल्या दिवाणखान्याला पुरुषभर उंचीची एकच मोठी खिडकी. साहेब गेला. कोठी एका व्यापाऱ्याने घेतली आणि तिची बिऱ्हाडं पाडली. दिवाणखान्यात त्याने मधोमध भिंत घातली, ती नेमकी खिडकीच्या मध्यावर आली. अर्धी खिडकी भाडेकरू मार्तंडरावांकडे, अर्धी शेजारच्या गोदूबाईंकडे! अक्कल गहाण ठेवून घरं बांधली की असंच होतं.

ही खिडकी वर सरकवून उघडायची. एकट्याने रेटली की तिरकी होऊन रुतायची. म्हणून रोज सकाळी मार्तंडराव हाक मारायचे, "गोदूबाई, लावा हात!" दोन्हीकडून एकदम उचलली की झर्रकन वर जायची.

एकदा गोदूबाईंच्या फोडणीचा ठसका इकडे आला. मार्तंडराव ओरडले, "स्वयंपाक करता की शेजारी मारता?" झालं! शब्दाने शब्द वाढला. हाक बंद झाली, तशी खिडकीही बंद झाली.

मार्तंडरावांची बायको यमुना दम्याची. घराला दुसरी खिडकी नाही, आणि दार उघडावं तर समोर अंधारा जिना. पावसाळ्यात खोली कोंदली, भिंतींना बुरशी धरली. यमुनेला श्वास पुरेना.

"अहो, एक हाक मारा ना," ती म्हणायची.

"मी? आधी त्या बोलू देत. मी काय त्यांचा मिंधा आहे?"

बोलायचे असे, पण आतून जीव तुटायचा. एकट्याने खिडकी रेटून पाहिली, ती जागची हलली नाही. काच फोडावी, तर थंडगार धुकं आत शिरेल ते अडवायचं कशाने? हाक ओठांपर्यंत यायची आणि हा मानी माणूस ती गिळायचा. मेला तो मान!

श्रावण सरता सरता यमुना गेली.

रडणं ऐकून गोदूबाई धावत आल्या आणि उंबऱ्यातच मटकन बसल्या. "भाऊजी, वहिनींचा खोकला रोज ऐकू यायचा हो. खिडकीला हात लावून उभी राहायचे मी. म्हटलं, हाक आली की उचलीन."

मार्तंडरावांनी उठून बंद खिडकीला हात लावला. आता हाक मारायला कसली अडचण नव्हती, पण मारायची कुणासाठी?

तात्पर्य: आधी कोणी बोलायचं याची वाट पाहत बसलं, की ज्याच्यासाठी बोलायचं तेच माणूस उरत नाही.