बैठे बांधकाम

विषय : श्रीमती अनुसयाबाई टेमकर यांच्या घरी नळजोडणी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा अर्ज, स्मरणपत्रे, आणि कार्यालयात येऊन केलेला आरडाओरडा.

उपरोक्त विषयी वस्तुस्थिती अशी.

एका गावात एक भोळा संगणकवाला होता. गाव खडकवेढे, संगणकवाला सुबोध गुळवे. आईबापांनी नाव ठेवताना घाई केली होती. नगरपरिषदेत तो गावाचा नकाशा संगणकावर बनवी. त्याने असं सॉफ्टवेअर लिहिलं होतं, की नकाशात घर उमटलं की घरपट्टीची नोटीस आपोआप निघे आणि नळही आपोआप मंजूर होई. मध्ये माणसाने बघायची गरज नव्हती, म्हणून कुणी बघत नसे.

अनुसयाबाईंचं घर मोठ्या चिंचेखाली. आकाशातून काढलेल्या फोटोत नुसती चिंच दिसे. घर नकाशात नाही, म्हणून नळ नाही. बाई ओढ्यापलीकडून डोक्यावर पाणी आणीत.

मुख्याधिकारी खरवंडे साहेब म्हणाले, "वरून दिसत नाही तर जागेवर जा. जागेवर जे दिसेल ते नकाशात घे."

"घेतो साहेब."

सुबोध गेला. दारात म्हैस बसली होती. त्याने मोजमाप घेतलं आणि नोंद केली : 'बैठे बांधकाम, रंग काळा.' आठवड्याने अनुसयाबाई नोटीस घेऊन कार्यालयात आल्या.

"सायेब, म्हशीला घरपट्टी आलीय. मग तिला मंजूर झालेला नळ तरी बसवा. मी तिच्याकडनं मागून घेईन."

साहेबांनी म्हशीची नोंद रद्द केली आणि सुबोधला बोलावलं. "म्हशीच्या मागे घर नव्हतं का?"

"असेल साहेब. म्हैस आड येत होती."

"अरे शहाण्या, जे हलतं ते नकाशात घ्यायचं नसतं!"

"आलं लक्षात."

दुसऱ्या दिवशी म्हैस चरायला गेली होती. समोर घर स्वच्छ दिसत होतं. पण वारा सुटला होता आणि छपराचा पत्रा खडखड हलत होता. सुबोधने घर घेतलं नाही. परतताना ओढ्याच्या पुलावरून ट्रॅक्टर गेला. पूल जरासा हलला. सुबोधने पूल नकाशातून काढून टाकला.

सकाळी कचरागाडीच्या ड्रायव्हरचा साहेबांना फोन आला. "गाडी थांबवलीय साहेब. मोबाईलवरचा आपला नकाशा म्हणतोय पुढं पूल नाही."

"तू आत्ता उभा कुठे आहेस?"

"पुलावर."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग सुबोधला म्हणाले, "यापुढे मनाने काही करू नकोस. ज्याची जागा त्याला विचार. मगच नोंद कर."

"आलं लक्षात."

सुबोध विचारायला निघाला. वाटेत पहिली जागा लागली स्मशानभूमीची. तिथे तो कट्ट्यावर बसून राहिला आणि मोठ्याने विचारत राहिला. दिवस मावळल्यावर त्याने नोंद केली : 'रहिवासी कायमचे. विचारणा केली. कोणाचीही हरकत नाही.'

सॉफ्टवेअर चोख होतं. स्मशानाला नळ मंजूर झाला. नळाला धो धो पाणीही आलं.

अनुसयाबाई कार्यालयाच्या दारातच बसल्या. "म्हणजे मेल्यावरच नळ मिळणार म्हणा की! आधी सांगितलं असतं तर एवढ्या खेपा तरी वाचल्या असत्या."

साहेबांना खरोखरच वाईट वाटलं. त्यांनी सुबोधला शेजारी बसवलं आणि स्वतःच्या बोटाने दाखवून बाईंचं घर नकाशात घ्यायला लावलं. चिंचेखाली एक लहानसा चौकोन उमटला. अनुसयाबाईंनी चष्मा पुसून तो पाहिला.

"एवढंसंच व्हय? असू दे. पाणी येईल ना?"

"येईल बाई. स्मशानाच्या प्रकारानंतर आपोआप मंजुरी बंद केलीय. नकाशा आज जिल्ह्याला जातोय. तिथून मंजुरी आली की लगेच नळ."

निघताना साहेबांनी सुबोधच्या पाठीवर थाप मारली. "हे बघ सुबोध, झालं गेलं विसरून जा. सगळ्या राज्यात आपला नकाशा बघतील. आता तरी गावाचं नाव काढ!"

सुबोध गहिवरला. इतक्या विश्वासाने त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो मन लावून कामाला बसला. वेशीवरचं काढलं, एसटी स्टँडवरचं काढलं, शाळेवरचं काढलं, नगरपरिषदेवरचंही काढलं. मग नकाशा जिल्ह्याला पाठवला आणि साहेबांना फोन केला.

"साहेब, गावाचं नाव काढलं!"

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "नीट काढलंस ना?"

"अगदी मुळासकट."

जिल्ह्याहून दोन पत्रं आली. पहिलं साहेबांना : 'खडकवेढे नावाचे गाव अभिलेखात आढळून येत नाही. सबब आपण तेथे मुख्याधिकारी कसे, याचा खुलासा सादर करावा.' दुसरं अनुसयाबाईंना : 'आपले घर नकाशात आढळले. नळजोडणी मंजूर करण्यास हरकत नाही. तथापि ते कोणत्या गावात आहे, हे कळवावे.'

बाईंनी उलटटपाली गावाचं नाव कळवलं. त्या नावाचं गाव नसल्याने जिल्ह्याने पत्र परत पाठवलं.

अर्ज प्रलंबित आहे.