खुर्च्यांनी पाडायला घेतलेला पिक्चर

टॉकीजमध्ये अजून लाकडी खुर्च्या असायच्या, तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या एका गावातल्या टॉकीजच्या खुर्च्या फार मानी होत्या. "आपण रिकाम्या राहिलो की भलेभले पिक्चर पडतात," असं पुढच्या रांगेतली म्हातारी खुर्ची सगळ्यांना सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं.

एका शुक्रवारी असा पिक्चर लागला, की त्यात ना गावचं बोलणं होतं, ना गावचं दुःख. म्हातारी चिडली. "ह्याला पाडायचाच!" मग खुर्च्यांनी खिळे वर काढले आणि बसेल त्याला चिमटे घेतले. कुणाचं लुगडं फाटलं, कुणाची विजार. लोक शिव्या देत उठून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी पोस्टरवर नवी पट्टी चिकटली: 'तुफान यशस्वी'.

"आमच्यावर तर कुणी बसलंच नाही!" म्हातारी किंचाळली.

प्रोजेक्टर खोकला. "अगं बाई, तो दुबईत चालला, लंडनमध्ये चालला. गाणी आधीच विकली होती. टीव्हीवाल्यांनी पैसे मोजले, हिरोचं चित्र पोरांच्या दप्तरांवर छापलं. तू रिकामी राहिलीस, हे तिकडे कुणाला कळलंही नसेल."

म्हातारीने वर काढलेले खिळे हळूच आत घेतले. "मग आपण नुकसान केलं तरी कुणाचं?"

तेवढ्यात टॉकीजचे मालक दाजिबा जळणाच्या वखारवाल्याला घेऊन आत आले.

"सगळ्या घेऊन जा," ते मान खाली घालून म्हणाले. "ह्यांच्यावर आता कुणी बसत नाही."