खारीने अडवलेली साखर

फार फार वर्षांपूर्वी, रानांना अजून कुंपणं नव्हती तेव्हा, ओढ्याकाठच्या पेरूवर झिपरी नावाची खार राहायची. पानं उन्हात साखर तयार करतात आणि ती सालीतून खाली मुळांकडे जाते, हे तिला एकदा पानांकडूनच कळलं. "मातीत लोळणाऱ्या मुळांना गोड कशाला हवं?" असं म्हणत तिने बुंध्याची साल गोल कुरतडली. दात दुखायला लागले म्हणून बोटभर साल तेवढी शाबूत राहिली.

साखर वरच तुंबली. पेरू असे गोड झाले की झिपरी मिशा चाटत खाली ओरडली, "मुळीआजी, या की वर जेवायला!"

"वर येणं काही जमायचं नाही गं," मुळी म्हणाली, "पण उपाशीपोटी पाणी वर पाठवणंही आता जमेना बघ."

महिन्याभरात पानं मलूल झाली आणि उरलेले पेरू कच्चेच गळून पडले. झिपरी घाबरली. ओढ्यातला चिखल तोंडात भरून आणायचा आणि जखमेवर लिंपायचा, हेच तिचं काम होऊन बसलं. सालीचे काठ हळूहळू जुळू लागले.

तेवढ्यात बुलबुलाने येऊन विचारलं, "झिपरे, यंदा पेरू कसे होते गं?"

झिपरीने नुसती मान हलवली. तोंड उघडायची सोयच नव्हती.